माशांची पेंड आणि भावजींचा कान

माझ्या नवऱ्यानं सख्ख्या थोरल्या भावाच्या कानशिलावर फावड्याचा दांडा घातला, तेव्हा मी दहा पावलांवर बसून भगुलं घासत होते. आवाज बोदा आला, नारळ दगडावर आपटल्यासारखा. भावजी पडले नाहीत. दमलेला माणूस बांधावर टेकतो तसे खाली बसले. डाव्या कानातून रक्त आलं आणि मानेवरून बंडीत उतरलं. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि धाकट्या भावाकडं नुसतं बघत राहिले. माझ्या हातात राखेचा बोळा होता आणि मी घासायची थांबले नाही, हे मला चांगलं आठवतं. तेव्हा मनात एकच गोष्ट आली, की बरं झालं.

तीस वर्षं होत आली. हे लिहायला बसायच्या आधी मी दोनदा उठून चहा केला.

नव्वदनंतरची चार-पाच वर्षं सरली होती. आमचं गाव नेवासा तालुक्यातलं, प्रवरेपासून दीड कोसावर. कॅनॉल आला, त्याच्यामागून ऊस आला, आणि उसाला पाणी पाजून पाजून खालच्या अंगाची जमीन चोपण झाली. पांढरं मीठ वर यायचं, गवतसुद्धा धड उगवायचं नाही. सासरे गेल्यावर वाटणी झाली ती नेमकी ह्याच जमिनीची. दोघा भावांना शेजारी शेजारी सारखेच तुकडे आले. काहीच पिकत नाही म्हटल्यावर दोघांनी तिथं तळी खणली आणि मासे सोडले, रोहू, कटला आणि मृगळ. मधे एकच बांध. पाणी कॅनॉलच्या एकाच चारीतून यायचं, आधी थोरल्यांच्या तळ्याच्या दारावरून, मग आमच्या. बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं, एकाच गाडीतून आली, एकाच दिवशी सोडली. म्हणजे तुलना करायला देवानं जणू पाटीच आखून दिली होती, आणि आमच्या घरात तुलनेवाचून कुणाचा घास उतरत नसे.

मी सून म्हणून आले तेव्हा बोर्डिंगात दहावीपर्यंत शिकलेली, तोंडाची फटकळ आणि हाताची त्याहून. आमचं घर ख्रिस्ती, चार पिढ्यांचं. दर रविवारी दगडी देवळात उपासनेला जायचं, शांतीची गाणी म्हणायची, आणि घरी येऊन एकमेकांवर तुटून पडायचं. नवरा मारायचा. मीही खाली मान घालून मार खाणारी नव्हते. एकदा त्यानं थोबाडीत दिली तर मी चुलीतलं जळतं लाकूड उपसून त्याच्या मांडीला लावलं होतं. तो डाग मरेपर्यंत त्याच्या मांडीवर होता. ह्या गोष्टीचा मला तेव्हा अभिमान वाटायचा. आमच्याकडं बोलण्यापेक्षा मारणं सोपं होतं, दोघांनाही.

थोरले भावजी मात्र वेगळे होते. आडवा बांधा, रुंद मनगटं, आणि आवाज इतका हळू की समोरच्यानं कान द्यावा. धाकटा दीर असता तर थट्टा-मस्करी चालली असती, पण थोरल्या दिरापुढं मी डोक्यावर पदर घ्यायची आणि थेट बोलायची नाही. जावेला मी आक्का म्हणायची. ती माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, अंगानं सैल, कामात त्याहून सैल. दुपारी बारा वाजता तिच्या घरात सकाळची भांडी दिसायची. मी ते मुद्दाम बघून यायची. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ह्या विद्येत मी पहिल्या नंबरानं पास झाले असते.

आमच्या भागात मत्स्यशेती शिकवून निवृत्त झालेले एक साहेब होते. मोटारसायकलवर गावोगाव हिंडायचे, कुणी बोलवो न बोलवो. त्या वर्षी पावसाळा सरता सरता ते आले, लिंबाखाली दोघा भावांना बसवलं, आणि पिशवीतून पांढरट पावडरीची पुडकी काढली. मी आत चहा करत होते. माझ्यापर्यंत आली ती नवऱ्याच्या तोंडून आलेली बातमी. तो म्हणाला, पावडर नवीन निघाली आहे, माशाच्या पोटात जाऊन ताकद देते, रोग येऊ देत नाही, रोज पेंडीत घालायची. मी विचारलं, म्हणजे टॉनिक का? तो म्हणाला, तसलंच काहीतरी.

आता आमच्या माहेरची रीत सांगते. मुक्या जनावराला कच्चं घालायचं नाही. माझी आई म्हशीचं अंबोण, म्हणजे सरकी, पेंड आणि भुसा, दोन उकळ्या आणून, कोमट करून, हात घालून बघून मग पुढं ठेवायची. कच्ची पेंड घालणारी बाई ती आळशी बाई, असा तिचा हिशेब. मी तेच सासरी आणलं, आणि माझ्या हाताला म्हैस जास्त दूध देते असं गावात बोललंही जायचं. मग मासा काय आणि म्हैस काय? मी तीन दगडांची चूल मांडली, मोठं भगुलं चढवलं, शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा टाकला. पावडर सगळ्यात आधी टाकायची, चांगली मुरावी म्हणून. दोन उकळ्या. वास इतका खमंग सुटायचा की रस्त्यानं जाणारी माणसं विचारायची, आज काय शिजतंय? मी सांगायची, माशांचा स्वयंपाक. चार महिने एक दिवस चुकवला नाही.

आणि आक्का काय करायची? आदल्या दिवशीचं आंबट ताक एका मडक्यात ओतायची, गुळाचा खडा टाकायची, पावडर ढवळायची आणि त्यात पेंड भिजत ठेवून द्यायची. चूल नाही, उकळी नाही, काही नाही. सकाळी तो आंबूस गोळा तळ्यात ढकलून द्यायची. मी नवऱ्याला सांगायची, बघा, आपल्या भावाच्या घरी मासेसुद्धा शिळं खातात. आम्ही दोघं हसायचो. आम्ही एकत्र हसायचो अशा गोष्टी फार नव्हत्या, म्हणून ही लक्षात राहिली.

थंडी पडली आणि आमच्या तळ्यात रोग शिरला. आधी एक रोहू काठाशी आला, पाठीवर लाल चट्टा. दुसऱ्या दिवशी पाच-सहा. मग चट्ट्यांचे खड्डे झाले. जिवंत माशाच्या अंगाला भोक पडून आतलं मांस दिसायचं, शेपट्या कुरतडल्यासारख्या, आणि तो मासा तसाच काठाकाठानं तोंड वर करून फिरत राहायचा. नवरा गुडघाभर पाण्यात उतरायचा, त्यांना हातानं बाहेर फेकायचा आणि बांधावर काठीनं ठेचायचा. रोज सकाळी तो आवाज. मेल्यावरही मारायचा. मी टोपल्यात भरून नेऊन पुरायची. घरात सगळीकडं तो वास बसला, भाकरीलाही येतो असं वाटायचं.

पलीकडं थोरल्यांचं तळं शांत. त्यांच्याही चार-दोन माशांना डाग आले, पण ते भरून आले. खाद्य टाकलं की त्यांचे मासे पाणी फाडून वर यायचे, काळ्या पाठी, चकचकीत. एकच बीज, एकच पाणी, एकच पावडर. मग फरक कशाचा? नवऱ्याच्या डोक्यात एकच उत्तर आलं, आणि खरं सांगायचं तर ते मी घातलं. मीच म्हणाले होते, पेंडीत खोट नाही, ती मी माझ्या हातानं शिजवते. खोट पाण्यात आहे, आणि पाणी आधी त्यांच्या दारावरून येतं.

तेवढं पुरलं. नवऱ्याला आठवलं, की महिन्याभरापूर्वी भावाचा फवारणीचा पंप चारीच्या कडेला उलटा वाळत घातलेला दिसला होता. झालं. थोरल्यानं पाण्यात फवारणीचं औषध घातलं. वाटणीत त्याच्या मनासारखं झालं नाही म्हणून घातलं, आमचं बरं बघवत नाही म्हणून घातलं. भाऊबंदकीला कारण लागतच नाही, आम्हाला तर पंप सापडला होता.

आधी बायका भिडल्या. मी बांधावर जाऊन आक्काला विचारलं, विचारलं म्हणजे शिव्यांनीच सुरुवात केली. ती म्हणाली, आमच्या माशांना चांगलं खायला मिळतं, तुझ्या हाताला गुण नाही त्याला मी काय करू? माझ्या हाताला! तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिचा अंबाडा धरला. तिनं माझ्या दंडाला चावा घेतला. दोघींच्या बांगड्या फुटल्या, काचा तिच्या मनगटात घुसल्या, आणि आम्ही दोघी लोळत तिच्या तळ्याच्या कडेपर्यंत गेलो. सोडवायला आलेल्या माणसांनी आम्हाला ओढून बाजूला केलं, तेव्हा माझ्या मुठीत तिचे केस होते. ते मी फेकले नाहीत. घरी नेऊन नवऱ्याला दाखवले.

नाताळच्या सकाळी उपासना झाली. थोरल्यांच्या दारावर कागदाची चांदणी टांगलेली होती, अंगण सारवलेलं होतं. नवरा घरी आला, कपडेसुद्धा बदलले नाहीत, त्या दिवशीच्या मेलेल्या माशांचं टोपलं उचललं आणि भावाच्या उंबऱ्यावर ओतलं. म्हणाला, घ्या सणाचं जेवण. आक्का किंचाळत बाहेर आली. भावजी तिच्यामागून आले. त्यांनी तिला आत जायला सांगितलं, खाली बसले, आणि एकेक मासा उचलून टोपल्यात भरला. आमचंच टोपलं. मग अंगणात खड्डा घेऊन पुरले, हात धुतले आणि टोपलं धुऊन आमच्या बांधावर आणून ठेवलं. नवरा मला म्हणाला, बघ, तोंड उघडायला जागा हाय का त्याला.

आणि मग वर्षाच्या शेवटच्या दिवसांत ती दुपार. भावजी चारीतला गाळ काढायला आले होते. नवरा म्हणाला, चारीला हात लावायचा नाही. ते म्हणाले, पाणी अडलंय. एवढंच. त्यांचंच फावडं होतं, बाजूला ठेवलेलं. नवऱ्यानं ते उलटं धरलं आणि दांडा घातला. पुढचं सुरुवातीलाच सांगितलं.

गावातल्या माणसांनी त्यांना नगरच्या दवाखान्यात नेलं. कानाचा पडदा फाटला होता, आत आणखी काहीतरी मोडलं होतं. डाव्या कानानं ते पुन्हा कधी ऐकू शकले नाहीत. डॉक्टरांनी विचारलं तर म्हणाले, बैलानं शिंग मारलं. ठाण्यातही गेले नाहीत. गाव त्यांच्या मोठेपणाचं कौतुक करायला लागलं, तर नवरा चावडीवर म्हणाला, "चोराच्या मनात चांदनं. गुन्हा केला नसता तर पहिला ठान्यात पळाला असता." मला ते पटलं. आणखी एक गोष्ट झाली. आमच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. सगळे रांगेनं पुढं जाऊन भाकर आणि द्राक्षरस घेतात. पाळकसाहेब आधी बजावतात, ज्याच्या पदरी न फेडलेला अपराध आहे त्यानं घेऊ नये. जानेवारीतल्या त्या रविवारी भावजी कानाला पट्टी बांधून देवळात आले, पण पुढं गेले नाहीत. बाकावर बसून राहिले. माझा नवरा छाती काढून पुढं गेला. मीही गेले. परत येताना मी त्यांच्याकडं बघितलं आणि मनात म्हटलं, आता तरी कबूल केलंत.

त्यानंतर आठवड्याभरात साहेब आले. नवरा घरी नव्हता. थोरल्यांच्या घराला कुलूप, दोघं कान दाखवायला नगरला गेलेली. साहेबांनी आमचं तळं पाहिलं, दोन मासे चिरून पाहिले, काठीला डबा बांधून तळाचा गाळ काढला. तो काळा आणि कुजका. मी आधीच सांगून टाकलं की हे भावानं औषध घातल्याचं काम आहे. ते नाही म्हणाले. औषध पाण्यात गेलं असतं तर एका सकाळी सगळे मासे पोटं वर करून तरंगले असते. हे महिनाभर सडत मेलेत, हा थंडीतला रोग आहे, औषधाचा ह्याच्याशी काही संबंध नाही. मग त्यांनी विचारलं, पावडर दिली होती ना, ती कशी दिलीत? मी अभिमानानं सांगितलं. भगुलं दाखवलं. पावडर आधी, मग दोन उकळ्या.

साहेबांनी भगुल्यात वाकून पाहिलं. मग म्हणाले, "ताई, तुम्ही दही लावता ना? विरजण उकळत्या दुधात घालता का?"

मी म्हटलं, असं कोण घालेल? विरजण मरतं.

"ही पावडर म्हणजे माशाच्या पोटाचं विरजण आहे," ते म्हणाले. "जिवंत होती. तुम्ही चार महिने रोज ती मारून घातलीत."

ते पुढंही बोलत होते. शिजलेली पेंड पाण्यात विरघळते, मासा खाण्याआधी तळाला जाते, तिथं कुजते, पाणी बिघडवते. ताकात भिजवली तर उत्तम. नुसत्या पावडरीनंच थोरल्यांचे मासे वाचले असं ते छातीठोक सांगणार नाहीत, पण पोट चांगलं असलेला मासा रोगाला टक्कर देतो आणि पाणी स्वच्छ असलं तर जखम भरते, एवढं नक्की. चुना टाका म्हणाले, भावांना दोघांना मी येऊन समजावतो म्हणाले. ते काही पुन्हा आले नाहीत. आजारी पडले आणि मुलीनं पुण्याला नेलं, असं नंतर कळलं. म्हणजे ती गोष्ट गावात मला एकटीला ठाऊक राहिली.

मी रोज संध्याकाळी दूध कोमट झालंय का ते करंगळी बुडवून बघणारी बाई. विरजणाबद्दल मला कुणी शिकवावं?

मी बोलले नाही. नवरा जीव घेईल ही भीती होती, ती खोटी नाही. पण भीतीपेक्षा माझा ताठा मोठा होता. आक्काच्या आळसानं तिचे मासे वाचले आणि माझ्या कष्टानं माझे मेले, हे माझ्या घशाखाली उतरत नव्हतं. मी भगुलं फळीवर पालथं घातलं. नवऱ्याला सांगितलं, साहेब आले होते, चुना टाका म्हणाले. तो म्हणाला, आणि औषधाचं? मी म्हटलं, त्याबद्दल काही बोलले नाहीत. असं मी ठरवून, शुद्धीवर असताना, त्याच्या डोळ्यांत बघून सांगितलं.

फेब्रुवारीचा पहिला रविवार गेला, मार्चचा गेला. भावजी बाकावर बसून राहिले. मी मात्र दोन्ही वेळा पुढं गेले आणि भाकर घेतली.

मार्च सरताना नवऱ्यानं थोरल्यांचं तळं फोडलं. भर दुपारी, सगळ्यांच्या देखत. आमचं तळं तोवर रिकामं झालं होतं, त्यांचे मासे हातभर झाले होते, आणि ते रोज त्याच्या डोळ्यांत सलत होते. तो फावडं घेऊन उताराकडच्या बांधावर चढला आणि घाव घालत सुटला. बांध ढासळला, पाणी चोपणात पसरलं, आणि पाण्यामागून मासे. शेकडो, निरोगी, जाडजूड. चिखलात आपटत होते, उड्या मारत होते, एकमेकांवर पडत होते, नुसता थडथड थडथड आवाज. कुत्री आली, कावळे आले. कावळ्यांनी आधी डोळे काढले. नवरा त्यांच्यातून फावडं फिरवत चालत होता आणि ओरडत होता, आता झालं सारखं. आक्का छाती बडवत होती. भावजी चिखलात उतरले आणि घमेल्यात मासे भरून चारीच्या पाण्याकडं नेऊन सोडायला लागले. कानाच्या आतलं मोडल्यापासून त्यांचा तोल जायचा, ते दोनदा पडले. पुन्हा उठून भरायला लागले. धाकट्या भावाच्या शेजारून तीन वेळा गेले, हातात घमेलं, आणि त्याला साधा धक्कासुद्धा मारला नाही.

मी आमच्या बांधावर उभी होते. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य माझ्यापाशी अडीच महिने होतं. त्या दिवशी मला स्वतःची इतकी शिसारी आली, की मी घरात जाऊन चुलीच्या दगडावर कपाळ आपटून घेतलं. रक्त आलं. पण बाहेर जाऊन बोलले तरीही नाही.

पुढच्या आठवड्यात, ईस्टरच्या आदल्या शुक्रवारी, दुपारची उपासना सुटल्यावर मी थोरल्यांच्या तळ्यावर गेले. भावजी एकटेच फुटलेल्या जागी दगड रचत होते. मी पदर घेतला आणि त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन बसले. हे मी मुद्दाम केलं. वाटलं, आपण बोलून टाकू, ओझं उतरेल, आणि त्यांना ऐकू न आलं तर तो काही आपला दोष नाही. मी सगळं सांगितलं, पावडर, उकळी, विरजण, साहेब, माझं गप्प बसणं. ते दगड रचत राहिले. मी उठायला लागले तेव्हा त्यांना माझी सावली हललेली दिसली असावी.

"काय म्हनलीस का, बाई?" ते म्हणाले. "हिकडनं बोल. त्या कानाला न्हाई येत."

त्यांनी उजव्या बाजूचा दगड हातानं झाडून मला बसायला जागा केली. मग मात्र पळायला वाट नव्हती. मी उजव्या बाजूला बसले आणि पुन्हा सगळं सांगितलं. ह्या वेळी रडत सांगितलं, त्यामुळे त्यांना दोनदा विचारावं लागलं.

"म्हंजी औषधानं न्हाई मेले?"

नाही म्हटलं. औषधानं मेले असते तर एका सकाळी सगळे मेले असते, साहेबांनी मासे चिरून सांगितलं.

त्यांच्या हातातला दगड खाली पडला. मला वाटलं आता ते मला मारतील, आणि मला ते हवं होतं.

"मी पंप धुतला हुता," ते म्हणाले. "वांग्यावर मारल्यालं औषध. चारीत धुतला, तुमच्या दाराच्या जरा वर. सवयीनं. ध्यानातच न्हाई आलं. मग तुमचं मासं मराया लागलं अन् मला कळलं, ह्ये माझ्याच हातनं झालं. सांगायची छाती झाली न्हाई. म्हनून त्यानं मारलं तर खाल्लं. म्हनलं, बरूबर हाय."

त्यांनी चिखलाचे हात धोतराला पुसले, एकदा, दोनदा. मग माझ्याकडं न बघता, अगदी हळू विचारलं,

"मग परवाच्या रईवारी मला प्रभुभोजन घ्याया चालंल?"

कान फुटलेला, तळं फुटलेला माणूस. हे त्यांनी मला विचारलं, मला.

ईस्टरच्या रविवारी पाळकसाहेबांनी बोलावलं तेव्हा भावजी बाकावरून उठले आणि चार महिन्यांनी रांगेत उभे राहिले. मी बायकांच्या बाजूला बसून राहिले. सगळ्यांच्या नजरा माझ्यावर फिरल्या. आक्का माझ्या गुडघ्यांना घासून पुढं गेली. नवऱ्यानं रांगेतून मागं वळून बघितलं, भुवया वर.

देवळाबाहेर चिंचेखाली लोकं एकमेकांना सणाच्या शुभेच्छा देत होती. नवरा तिथंच आडवा आला. का उठली नाहीस म्हणून विचारलं, सगळ्यांत मान खाली घातलीस म्हणाला. मी डोक्यावरचा पदर मागं सारला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. मासे मी मारले. पेंड उकळून मारले. भावजींनी काही केलेलं नाही. हे मला जानेवारीपासून माहीत होतं, तुम्ही तळं फोडलंत तेव्हाही माहीत होतं.

मग नवऱ्याचा चेहरा काळानिळा झाला आणि त्याचा हात वर गेला. मी डोळे मिटले नाहीत, त्यामुळे पुढचं मी पाहिलं. भावजी माझ्या शेजारून पुढं आले आणि त्यांनी ते मनगट हवेतच धरलं. नवऱ्यानं हिसडा दिला. दोन्ही पाय रोवून, सगळं अंग टाकून हिसडा दिला, दुसऱ्या हातानं भावाच्या छातीवर बुक्क्या मारल्या. हात जागचा हलला नाही. भावजींना धापसुद्धा लागली नव्हती. "बास," ते म्हणाले, नेहमीच्याच हळू आवाजात, आणि नवरा दमून रडायला लागेपर्यंत तसेच धरून उभे राहिले.

तेव्हा मला कळलं, त्या दिवशी तो दांडा ते कधीही अडवू शकले असते.